रुमालाखालचा पगार

गुढीपाडव्याच्या सकाळी मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातल्या एखाद्या गावात गेलं, तर पारावर नाहीतर कुणाच्या ओसरीवर चार माणसं बसलेली दिसतात. सालगडी ठरत असतो. मागचं साल फिटलेलं असतं, नवं धरायचं असतं. मालक आकडा सांगतो, गडी मान हलवतो, मध्यस्थ दोघांकडे आळीपाळीनं बघतो. गडी सांगतो की पलीकडच्या गावात अमक्याचं साल इतक्यावर ठरलंय, औंदा किराणा कुठं गेलाय ते मालकांनाही ठाऊक आहे. उचल किती, बाकी कधी, आजारपणात खाडा धरायचा की नाही, सगळं चारचौघांत बोललं जातं. तासाभरात साल ठरतं किंवा मोडतं. मोडलं तर गडी उठून दुसऱ्या ओसरीवर जातो आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

त्याच गड्याचा मुलगा बी.कॉम. होऊन जालन्याच्या मोंढ्यात एखाद्या आडत दुकानात, नाहीतर कर सल्लागाराच्या ऑफिसात टॅलीवर बसतो. त्याला विचारा, तुझा पगार कधी ठरला? तो ठरलेला नसतो. लागताना मालकांनी एक आकडा सांगितला, त्यानं होकार दिला. पुढं दोन वर्षांनी मालकांच्या मनात आलं तेव्हा हजार वाढले. त्यानंतर काही नाही. तो बोलत नाही, कारण कोणत्या दिवशी बोलायचं, काय म्हणून बोलायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. बापाला जे दरवर्षी जमतं ते शिकलेल्या मुलाला सहा-सहा वर्षं जमत नाही. माझा सगळा विचार या एका गोष्टीभोवती फिरतो आहे.

सालगड्याच्या करारावर मी भाळलेलो नाही. त्या उचलीनं किती घरं पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाड्याशी बांधली गेली, त्यात जातीचा वाटा किती होता, हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. 1976 मध्ये वेठबिगारी मोडायला देशाला कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. पण त्या कराराला दोन अंगं आहेत, ती मला मोलाची वाटतात: त्याला ठरलेला दिवस आहे आणि त्याला साक्षीदार आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही असंच सांगितलं आहे की मजुराचं काम आणि मालकाशी झालेला त्याचा ठराव शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत असावा, आणि वेतन ठरलं नसेल तर काम व काळ बघून ते द्यावं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही कळत होतं की बंद दाराआड ठरलेल्या पगारात दुबळी बाजू कोणाची असते.

मोंढ्याचंच जुनं उदाहरण घ्या. पूर्वी आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून शेतमालाचा भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा असायचा, पण त्याला भाव शेवटी कळायचा. बाजार समित्यांच्या कायद्यांनी तो प्रकार मोडून उघड लिलाव आणला. आज सोयाबीनचा, तुरीचा, मोसंबीचा भाव सगळ्यांच्या कानावर पडेल असा पुकारला जातो. त्या भावाची पट्टी ज्याच्या हातून निघते, त्या माणसाचा पगार मात्र अजून रुमालाखालीच आहे. शेजारच्या टेबलावरच्याला किती मिळतं ते त्याला माहीत नसतं. लागतानाच त्याला बजावलेलं असतं, तुझा आकडा कुणाला सांगू नको. हे सांगणाऱ्याला त्या गुपिताचा फायदा असतो, एवढं समजायला फार हुशारी लागत नाही.

आता त्याच्या अवतीभवती बघा. दुकानासमोर पोती उतरवणाऱ्या हमालाला पोत्यामागं दर आहे. तो बदलायचा झाला की हमाल, व्यापारी आणि बाजार समिती बसतात. जमलं नाही तर दोन दिवस मोंढा बंद राहतो, मग जमतं. हमाल-माथाडींसाठी महाराष्ट्रानं 1969 मध्ये स्वतंत्र कायदा केला. अंबड-घनसावंगीकडून, मंठा-परतूरकडून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. त्यांच्या तोडणीचा दर जानेवारी 2024 मध्ये 34 टक्क्यांनी वाढला, टनाला 273 रुपयांवरून 366 च्या घरात गेला, आणि तो करार तीन वर्षांसाठी झाला. रस्त्यापलीकडच्या बँकेतल्या कारकुनाचा पगार संघटना आणि बँका मिळून ठरवतात. 8 मार्च 2024 ला झालेल्या करारात तो 17 टक्के वाढला. तहसील कचेरीतल्या लिपिकाला वर्षाला 3 टक्के वेतनवाढ आहे, वर महागाई भत्ता आहे, आणि त्यामागे 1977-78 चा चौपन्न दिवसांचा संपही आहे. यातलं कुणालाच काही फुकट मिळालेलं नाही. तरी प्रत्येकाकडे बोलायची एक जागा आहे. ऊसतोड मजुराचं जगणं आडत दुकानातल्या मुनिमापेक्षा कितीतरी कष्टाचं आहे, पण आपला दर कधी बदलणार हे त्याला माहीत असतं. हमालीचा हिशेब लिहिणारा जो सावलीत, पंख्याखाली बसला आहे, त्याला ते माहीत नसतं.

संघटना करा, असं त्याला सांगून भागत नाही. संघटना नोंदवायला कायद्यानं किमान सात माणसं लागतात. आमच्याकडच्या बहुतेक दुकानांत, ऑफिसांत मिळून माणसं तीन, चार, फार तर पाच. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. त्यांच्यामागे हजारो माणसं होती. पाच माणसांच्या ऑफिसात मागं कुणी नसतं. तिथं एकट्यानं उठून काचेचं दार ढकलून आत जावं लागतं. म्हणून मोठ्या लढ्यांचा इतिहास इथं फार कामाला येत नाही. इथली अडचण वेगळी आहे आणि तिचं मूळ मला बरंचसं भाषेत दिसतं.

आपण म्हणतो, पगारवाढ मागितली. मागणं हा शब्द आपण भिकेलाही वापरतो, माफीलाही, हक्कालाही. तो तोंडात आला की माणूस आपोआप हात पसरल्यासारखा उभा राहतो. वडीलधारी समजूत काढतात, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. ही म्हण मला या जागी मुळीच पटत नाही. तीत मालक आई होतो आणि तीस वर्षांचा हिशेबनीस तान्हं मूल. तान्ह्या मुलानं दुधाच्या बदल्यात काही दिलेलं नसतं. या माणसानं महिनाभराचं काम दिलेलं असतं. उलट 'भीड भिकेची बहीण' ही म्हण मला खरी वाटते. भिडेखातर गप्प बसलेला माणूस शेवटी मालकाच्या दयेवर येऊन थांबतो.

'पगार' हा शब्द मात्र आपल्या बाजूचा आहे. तो पोर्तुगिजांकडून मराठीत आला, आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ चुकतं करणं, फेडणं असा आहे. महिना संपतो तेव्हा मालक कारकुनाचं देणं लागत असतो आणि एक तारखेला ते फेडतो. हमालाचं, ट्रकवाल्याचं, वीज मंडळाचं देणं फेडताना कुणी मेहेरबानी केल्याचा आव आणत नाही. या एकाच देण्यात तो आव शिरतो, कारण घेणारा स्वतःच त्याला मेहेरबानी मानून घेतो. निजामाच्या राज्यात आपल्या आजोबा-पणजोबांनी हुजुरांना अर्ज केले. मायबाप म्हणायची सवय 17 सप्टेंबर 1948 ला संपायला हवी होती. ऑफिसात ती अजून शिल्लक आहे, फक्त हुजूर जाऊन शेटजी आले.

'घरचा माणूस' हा शब्द तर फार जपून वापरायला हवा. लहान ऑफिसातल्या मालक-नोकराच्या नात्यात खरी माया असते, हे मी नाकारत नाही. आई दवाखान्यात असताना रात्री अकराला मालकाची गाडी दारात उभी राहते, मुलीच्या लग्नात मालक घरच्यासारखा वावरतो. मोठ्या कंपनीत हे मिळत नाही. पण पगाराचा विषय निघाला की हीच माया पुढे केली जाते: "अरे, तू घरचाच माणूस, तुला मी काय कमी केलंय?" घरच्या माणसाला दुकानाच्या नफ्यात वाटा असतो, वाडा विकला तर हिस्सा असतो. ज्याला यातलं काही नाही, त्याचं घरचेपण फक्त पगार कमी ठेवायच्या वेळीच का आठवावं? माया असू द्यावी, तिची किंमत पगारातून वळती करू नये.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. 2013 ते 2020 मी जालन्यात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात होतो. 2017 च्या दिवाळीआधी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं निघालं. माझा पगार तेव्हा 8,000 होता. मी साहेबांसमोर उभा राहिलो आणि अडचण सांगितली. मनात होतं, पगार वाढवा म्हणावं. तोंडातून निघाली ती आईची गोष्ट. साहेबांनी एका क्षणात ड्रॉवर उघडून 6,000 रुपये काढून दिले, जमेल तसे फेड म्हणाले. डोळे भरून आले माझे. पुढं बारा महिने 500 रुपये कापले गेले आणि पगार तिथंच राहिला. त्या वर्षभर मला पगाराचा विषय काढायची सोयच उरली नाही. ज्यानं आईचं ऑपरेशन केलं त्याच्यापुढं आणखी काय बोलणार? साहेबांनी लबाडी केली असं मी म्हणत नाही. मी गरज सांगितली होती आणि त्यांनी गरजेला उत्तर दिलं. आपल्याकडे जवळजवळ सगळे इथंच चुकतात. मुलाची फी, घराचं भाडं, आईचं औषध, ही कारणं घेऊन आत जातात. अशा कारणावर उचल मिळते. पगार कामाच्या बदल्यात असतो, म्हणून तो वाढवायचा तर बोलणं कामाचं हवं.

काम तर केवढं बदललं होतं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. आधीच्या व्हॅटच्या दिवसांतलं विवरणपत्र आणि आताचं महिन्यामागून महिना येणारं काम यांची तुलनाच नाही. एप्रिल 2018 पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागलं, पुढच्या महिन्याच्या अखेरीस राज्यातल्या राज्यातही. जालन्यातून सळईचे ट्रक रात्री निघतात, बियाण्याच्या गाड्या हंगामात पहाटे सुटतात. बिलावर गाडीचा नंबरच भलता पडला तर नाक्यावर ट्रक उभा राहू शकतो. माल सोडवायला आज कराच्या दुप्पट दंडापर्यंत प्रकरण जातं. म्हणजे पूर्वी ज्या कारकुनाची चूक खाडाखोड करून निस्तरायची, त्याच्या एका बोटाखाली आता लाखाचा माल असतो. रात्री अकराला फोन येतो, तो उठतो, मोबाइलवर बिल काढतो. या वाढलेल्या जोखमीचा पगारात कुठं तरी उल्लेख व्हायला हवा होता. बहुतेकांच्या बाबतीत तो झाला नाही. यंत्र नवं घेतलं तर मालक त्याचे पैसे मोजतो. माणूस नवं काम शिकला तर ते त्याच पगारात धरलं जातं.

2019 च्या मे महिन्यात मी दुसऱ्यांदा आत गेलो. आधी दोन रविवार बसून एक कागद तयार केला होता. व्हॅटच्या काळात मी किती पक्षकारांचं काम बघत होतो, आता किती बघतो. महिन्याला किती विवरणपत्रं भरतो. मागच्या वर्षात माझ्या हातून एकाही पक्षकाराला विलंब शुल्क लागलेलं नाही. शेवटी मी अपेक्षित आकडा लिहिला होता, 12,000. आईचं नाव त्या कागदावर नव्हतं. साहेबांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "दोन हजार आत्ता करू. बाकीचं दिवाळीनंतर बघू." मी विचारलं, "दिवाळीनंतर म्हणजे कुठल्या महिन्यापासून, साहेब?" आयुष्यात इतकं अवघड वाक्य मी फार कमी वेळा बोललो आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "जानेवारी." जानेवारीत पगार 11,000 झाला. मागितलेल्यापेक्षा हजार कमी. पण तो पगार मी आणि त्यांनी मिळून ठरवला होता, आणि त्यानंतर आमच्या बोलण्यातला माझा अवघडलेपणा गेला, तो परत आला नाही.

आकडा काय लिहायचा, हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. त्याला साधं गणित आहे. सरकारनं रिझर्व्ह बँकेला महागाईचं उद्दिष्टच 4 टक्के दिलेलं आहे. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी भाव वर्षाला एवढे वाढणार असं सरकारच धरून चालतं. 12,000 रुपये पगार पाच वर्षं हललाच नाही, तर पाच वर्षांनी त्याची खरेदीची ताकद आजच्या 9,860 रुपयांएवढी उरते. पगार आहे तेवढाच ठेवायचा म्हटलं तरी तो 14,600 व्हायला हवा. तेव्हा पहिले 2,600 रुपये ही वाढ नव्हेच, ती झालेल्या घटीची भरपाई आहे. वाढ तिच्यापुढं सुरू होते: कामाची, जोखमीची, अनुभवाची. हे दोन आकडे वेगळे मांडले की बोलणं सोपं होतं. महागाईच्या भागावर मालकाला वाद घालता येत नाही, कारण तो स्वतः दरवर्षी गिऱ्हाईकाला नवे भाव सांगत असतो. कामाच्या भागावर घालता येतो, आणि त्यानं तो जरूर घालावा.

आता मालकाची बाजू. ती खोटी नसते. जालना हे व्यापाराचं, कारखान्यांचं गाव. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्यांनी गावाला पोलादनगरी केलं. 'जालना, सोने का पालना' ही म्हण तर त्याहून जुनी. पण त्या पाळण्याच्या कडेला जे शेकडो लहान आडते, दलाल, सुट्या भागांचे दुकानदार, सल्लागार आहेत त्यांचा हात नेहमी सैल नसतो. विजेचा दर वाढला की भट्टी मंदावते, भट्टी मंदावली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्यांची उधारी अडकते. पाऊस दगा देतो तेव्हा शेतकऱ्याकडची बाकी पुढच्या हंगामावर जाते. चार माणसांत प्रत्येकी दोन हजार म्हणजे वर्षाला 96,000, हे लहान दुकानाला जाणवतं. ज्या मालकाची खरोखर ओढाताण आहे त्यानं ती आकड्यांनिशी सांगावी. आणि रोख जमत नसेल तर इतर गोष्टी जमतात: नेमणुकीचं पत्र, सुटण्याची ठरलेली वेळ, कायद्याची सक्ती नसली तरी भविष्य निर्वाह निधीचं खातं, रात्रीच्या फोनचे वेगळे पैसे, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढची वाढ कोणत्या महिन्यात ते कागदावर. नकारही चालतो. कारणासकट आलेल्या नकारावर माणूस आपला निर्णय घेऊ शकतो. "बघू" हे उत्तर तसं नाही. त्यानं माणूस वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत लोंबकळत राहतो.

मालकांचं शेवटचं शस्त्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे: तुला परवडत नसेल तर बाहेर दहा जण उभे आहेत. ते खरेच उभे आहेत. बदनापूर, परतूर, भोकरदनहून पदवी घेऊन आलेली मुलं रोज कुठं ना कुठं बायोडाटा ठेवून जातात. ज्याला लागून सहा महिनेही झाले नाहीत त्याच्यापाशी या वाक्याला फारसं उत्तर नाही, हे मान्य करतो. पण पाच वर्षं काढलेल्या माणसापाशी आहे. कोणत्या गिऱ्हाईकाकडं वसुलीला सकाळी जायचं आणि कोणाकडं बाजाराच्या दिवशी, कुठल्या पक्षकाराची कुठली नोटीस अर्धवट पडली आहे, कुणाचा पासवर्ड कुठं लिहिलाय, हे बाहेर उभ्या असलेल्या दहांपैकी एकालाही माहीत नाही. नवा माणूस तयार होईपर्यंतचे सहा महिने आणि त्यातल्या चुका मालकाच्याच खिशातून जातात. दुसरीकडं जागा शोधून ती दाखवत वाढ मागण्याचा मार्ग मात्र मी इथल्या कुणाला सहसा सुचवत नाही. पुण्यात ते चालून जातं. आपल्या गावात सकाळी नव्या जालन्यात विचारपूस केली की दुपारी चहाच्या टपरीवर मालकाला कळतं, आणि मग कामाचं बोलणं बाजूला राहून निष्ठेचं बोलणं सुरू होतं.

शिवाय बाहेर दहाच काय, दहा हजार उभे असले तरी एका मर्यादेखाली पगार नेता येत नाही. किमान वेतनाचं विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूर खातं सांभाळत असताना 1946 मध्ये मांडलं, 1948 मध्ये कायदा झाला, आणि 2019 च्या वेतन संहितेनंही तो विचार पुढं नेला. पाच वर्षांच्या आत दरांचा फेरविचार व्हावा, हे त्यात आहे. दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी महाराष्ट्रात किमान दर असतात, त्यात राहणीमानाच्या खर्चाप्रमाणे बदलणारा विशेष भत्ता धरलेला असतो, आणि कामाला एकच माणूस असला तरी त्यातून सुटका नाही. पीएफला वीस माणसं लागतात, ग्रॅच्युइटीला दहा. किमान वेतनाला अशी अट नाही. "तो स्वतःच राजी होता" ही सबब चालत नाही. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्ये सांगून ठेवलं की पोटाच्या लाचारीनं कुणी किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबत असेल, तर ती घटनेच्या 23 व्या कलमातली सक्तीची मजुरी आहे. हा निकाल मला फार मोठा वाटतो. माणसाच्या 'हो'मागची भूक न्यायालयानं पाहिली. जालन्यातल्या किती ऑफिसांतल्या 'हो'मागं ती उभी आहे, याचा विचार प्रत्येक मालकानं एकदा एकटं बसून करावा.

मुलींच्या बाबतीत तर हा 'हो' आणखी स्वस्तात घेतला जातो. तेच टॅली, तीच विवरणपत्रं, आणि पगार शेजारच्या मुलापेक्षा कमी. कारण सांगितलं जातं की नवऱ्याचा पगार आहेच, नाहीतर घरी बसण्यापेक्षा बरं. समान कामाला समान वेतन हे 1976 पासून या देशात कायद्यानं बंधनकारक आहे. नवऱ्याचा पगार तिच्या कामाच्या हिशेबात कुठून येतो? मुलाला कधी कुणी विचारलं आहे का, तुझी बायको शिक्षिका आहे, मग तुला कशाला वाढ? ज्या ऑफिसात आकडे उघड असतील तिथं हा भेद एक महिनाही टिकणार नाही, म्हणून मी रुमाल काढा म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक लहान ऑफिसात सालासारखा एक दिवस असावा. त्या दिवशी दार बंद न करता सगळ्यांनी बसावं, वर्षभरात काय वाढलं, काय बिघडलं, दुकानाला काय मिळालं, ते बोलावं आणि प्रत्येकाचा आकडा पुढच्या वर्षापुरता ठरवून टाकावा. दिवस ठरलेला असला की मागण्याचं ओझं एकट्या माणसाच्या मानेवर राहत नाही. भिडस्त माणूसही त्या दिवशी बोलतो, कारण त्या दिवशी गप्प बसणंच चमत्कारिक दिसतं. आणि मालकालाही वर्षभर कोण कधी आत येईल याची धास्ती उरत नाही. लक्ष्मीपूजनाचा दिवस यासाठी मी घेणार नाही. तेव्हा बोनस आणि मिठाईच्या पुड्याबरोबर सगळं देणं बक्षिसासारखं दिसू लागतं, आणि मोंढ्यात सोयाबीन-कापसाच्या आवकेत कुणाला श्वास घ्यायलाही फुरसत नसते. पाडवा चांगला, पण हिशेबाच्या ऑफिसात मार्चअखेरीची धावपळ त्याच्या अंगावर येते.

आता माझं स्वतःचं ऑफिस आहे आणि माझ्याकडं दोन माणसं आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी. पहिल्या दोन वर्षांत त्यांचा पगार वाढवायचं माझ्याही डोक्यात आलं नाही. कुणी बोललं नाही आणि मीही विषय काढला नाही. काचेच्या या बाजूला बसलं की विसरणं किती सोपं असतं ते तेव्हा कळलं. तिसऱ्या वर्षापासून आम्ही अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बसतो. तिघांचेही आकडे तिघांना माहीत असतात, माझ्या घरखर्चाचेही. मागच्या खेपेला मुलीनं कागद पुढं सरकवला, त्यावर माझ्या अंदाजापेक्षा दीड हजार जास्त लिहिलेले होते. मी म्हणालो, एवढं या वर्षी बसत नाही. तिनं टेबलावरचं नफा-तोट्याचं पत्रक उघडलं, पगार खर्चाच्या ओळीवर बोट ठेवलं, मग खालच्या दोन ओळींवर. ते पत्रक तिनंच केलेलं होतं. आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.